नानांचं काळं घड्याळ

पहिल्या भेटीत नानांनी मला 'बस' म्हणायच्या आधी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि फरशीवर आपटलं.

मी दारातच थिजलो. नववीत शाळा सुटलेली, शिरपूरकडचं गाव सोडून मध्य प्रदेशात, पीथमपुरात गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात लागलेलो, आणि धारमध्ये भाड्यानं खोली मागायला आलेलो. वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. चप्पल काढायची राहिली का, म्हणून मी पायांकडे बघितलं.

"खाली काय बघतोस? घड्याळ उचल. चालू आहे?"

"आहे."

"बाल बाका नाही, भिया!" मला इकडच्या बोलीत 'भाऊ' म्हणत नाना खूष होऊन स्वतःच चहा टाकायला गेले. घरात ते एकटेच. खोली मिळाली आहे, हे मला चहा पिऊन झाल्यावर कळलं.

घड्याळ म्हणजे काय, तर हाटातलं, काळ्या प्लास्टिकचं, रबरी पट्ट्याचं, आकड्यांचं. ते घालूनच नाना आंघोळ करत, कणीक मळत, स्कूटरखाली झोपून बोल्ट आवळत. एकदा ते विहिरीत पडलं. गळ टाकून काढलं, तर आत सेकंद पळतच होते. त्या दिवशी नानांनी गल्लीत पेढे वाटले. शिफ्टची बस चुकेल या धास्तीनं मला झोप लागायची नाही. नाना म्हणाले, "तुझी फिकीर याच्यावर सोड." घड्याळ पिप् पिप् करायचं आणि नाना जिन्याखालून हाक मारायचे. एकदाही बस चुकली नाही.

शेजारच्या डॉक्टरांचं घड्याळ परदेशी, सोनेरी. हात धुताना ते जपून काढून ठेवत. नाना मला कोपर मारत, "बघ, बघ. साहेब त्या घड्याळाच्या नोकरीत आहेत."

नानांचे पूर्वज संस्थानच्या काळात लग्नात घटिकापात्र सांभाळत. म्हणजे तांब्याची वाटी पाण्यात बुडेपर्यंत वेळ मोजत. वाटी गेली, मान राहिला. धारमध्ये मराठी घरात लग्न असलं की अंतरपाटाजवळ नाना मनगट वर करून उभे. मोबाईल सगळ्यांच्याच खिशात, पण नानांनी "हं!" म्हटल्याशिवाय भटजी तोंड उघडायचे नाहीत. नवरीची वेणी राहिली, जरा थांबा, म्हणणाऱ्या एका मामांना नानांनी सुनावलं होतं, "मामासाहेब, आधी सूर्याला थांबवा. मग मी थांबतो."

माझं लग्नही नानांनीच जमवलं. मुलगी इथलीच. कार्यालय ठरवण्यापासून माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. माझ्या बाजूनं यायची होती ती फक्त आई. वडील नाहीत, भाऊबंद बोलत नाहीत. ती पहाटेच्या बसनं निघाली आणि धामनोदच्या अलीकडे रस्त्यात ट्रक आडवा झाला. पुष्कळ वेळानं "सुटली रे गाडी" एवढा एक फोन आला. मग घाटात रेंज गेली.

मुहूर्त येऊन ठेपला. समोर अंतरपाट, हातातला हार घामानं ओला, आणि दारात आई नाही. थांबा म्हणायची माझी हिंमत होईना. नानांना कोण थांबवणार? त्यात भटजींना देवासला दुसरं लग्न.

"नाना, झाली का वेळ?" भटजींनी विचारलं.

नानांनी घड्याळ बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग मनगट कानाशी नेऊन हलवलं.

"बंद पडलं."

भटजी म्हणाले, "तुमचं? बंद?"

"पाणी गेलं वाटतं आत."

"मग मोबाईलवर बघतो की."

"देवासला बघा मोबाईलवर!" नाना कडाडले. "आमच्या घरातलं पहिलं कार्य आहे हे. घड्याळ सुरू होईतो कोणी हलायचं नाही!"

मी अगदी लगत उभा होतो. आकडे पळताना मला स्पष्ट दिसत होते. पुढच्या खुर्चीतल्या डॉक्टरांनाही दिसले असावेत. त्यांनी हळूच बाही ओढून आपलं सोनेरी घड्याळ झाकून घेतलं.

नाना फुंकर मारत राहिले, बटणं दाबत राहिले, पट्टा काढून पुन्हा बांधत राहिले. नजर मात्र दाराकडे. भटजी चुळबुळत होते, पोरं हसत होती. शेवटी दारात आई दिसली. काखेत पिशवी, पदर धुळीनं भरलेला.

"हं!" नाना ओरडले. "झालं सुरू! म्हणा, भटजी!"

आई धापा टाकत माझ्यामागे येऊन उभी राहिली. "लई उशीर झाला का हो, दादा?"

"छे, वहिनी. अगदी वेळेवर आलात."

आता कुठंही लग्न असलं की पोरं नानांना छळतात, "काय नाना, आज बंद तर नाही ना पडणार?" घड्याळाबद्दल एक शब्द ऐकून न घेणारे नाना. मी शेजारीच उभा असतो. वाटतं, आज खरं सांगून टाकतील. नाना बाहीनं काच पुसतात.

"स्वस्तातलं आहे, भिया," ते म्हणतात. "किती भरवसा धरायचा!"