घर रिकामं न्हाय

कायद्याच्या बाबतीत मला कुणी बनवू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. धाराशिवच्या कोर्टात मी कारकून आहे. वकील बोलतात, न्यायाधीश ऐकतात, पण कागद हलतो तो माझ्या टेबलावरून. निजाम गेला, मुंबई राज्य आलं, तेही जाऊन महाराष्ट्र आलं, तरी मी मोंढ्यामागच्या माझ्या दोन खोल्या सोडल्या नाहीत. भाडं इतकं कमी, की चारचौघांत ते मी मोठ्यानं सांगत नाही. गावात रोज नवं खातं उघडत होतं, एस.टी.तून रोज नवे साहेब ट्रंका घेऊन उतरत होते, आणि घर म्हणून कुणाला मिळत नव्हतं. अशा दिवसांत ज्याच्या डोक्यावर स्वस्त माळवद, तोच खरा राजा!

आता हे मातीच्या छताचं माळवद गळायचं, ती गोष्ट वेगळी. पावसाळ्यात घरातलं प्रत्येक भांडं गळतीखाली लागायचं आणि स्वयंपाकाला काही उरायचं नाही. घरमालक कल्याणप्पांची मोंढ्यात धान्याची आडत होती. वर पांढरी माती टाकून द्या म्हणून मी निरोप पाठवला, की उत्तर यायचं, "बघू की." ते बघणं कित्येक वर्षं चाललं होतं.

आणि एका सकाळी पांढरी माती लादलेली गाढवं दारात उभी! बरोबर अप्पांचा माणूस बलभीम.

"अप्पांनी धाडलंय," तो म्हणाला. "माळवद नीट करा, हिंमतरावांना तरास नको, म्हणलेत."

"बरं झालं बाई," माझी बायको शारदा म्हणाली. "देव पावला."

"देव नाही पावला," मी हळूच म्हणालो. "डाव आहे हा. ज्याला इतक्या वर्षांत माती सुचली नाही, त्याला आजच कशी सुचली? घर त्याला स्वतःला पाहिजे. म्हणून आधीच नीटनेटकं करून घेतोय."

दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतः आले. हातात हुग्गीनं, म्हणजे गव्हाच्या खिरीनं, भरलेला डबा. वर तूप तरंगत होतं. माझा संशय पक्का झाला.

"कसं हाय, हिंमतराव? सुट्टीत गावाला-बिवाला जाणार का?"

"नाही."

"तुळजापूरला?"

"नाही."

"अन् बदली-बिदलीचं काय?"

"काही नाही," मी म्हणालो. अप्पांनी खोलीभर नजर फिरवली. ट्रंका मोजल्या की काय कोण जाणे. बाहेर पडताना दाराची कडीही हलवून पाहिली.

हुग्गी मी आधी मांजराला घातली. मांजर तासभर जिवंत राहिलं, तेव्हा उरलेली आम्ही खाल्ली. चव फार छान होती, हे कबूल करतो.

शारदेला मी कायदा समजावला. मालकाला स्वतःला राहायला घर लागलं तर तो भाडेकरूला काढायला बघतो. आणि भाडेकरू घर टाकून गेला, दाराला नुसतं कुलूप लोंबतंय, असं दाखवता आलं तर मालकाचं काम आणखीच सोपं.

"म्हणजे आता कुलूपच लावायचं न्हाय?" तिनं विचारलं.

"कुलूप आजपासून बंद."

त्या दिवसापासून घरात एक माणूस कायम. शारदेच्या चुलतबहिणीचं लग्न गावातच होतं, तिथंही आम्ही पाळीनं गेलो. ती अक्षता टाकून, जेवून आली, मग मी निघालो. मी पोचलो तेव्हा नवरी सासरी गेली होती आणि आचारी कढया घासत होते. त्यांनी मला वरण दिलं, पण माझ्याकडे पाहत राहिले. इकडे बलभीम रोज संध्याकाळी आमच्या दारावरून दोनदा जायचा आणि कडीकडे बघायचा. शारदा माझ्याशी नीट बोलेनाशी झाली. मला झोप लागेना. हे घर गेलं तर या पगारात, या गावात, दुसरं मिळणार नव्हतं, आणि खरंच मला भीती वाटत होती.

मग कोर्टात बातमी कळली. कचेरीतले घरं बघणारे इन्स्पेक्टर सोमवारी आमच्या घरी येणार.

"बघ," मी शारदेला म्हणालो. "अप्पांनीच घातलं असणार कानावर. पण मी असं भरलेलं घर दाखवतो, की इन्स्पेक्टरला पाय ठेवायला जागा मिळणार नाही."

शारदेचा भाऊ कोंडीराम तेरचा. इथल्या जिनिंगमध्ये कामाला, रोज एस.टी.नं ये-जा करायचा. त्याला मी रविवारीच बोलावलं, बायकोसकट, पोरांसकट, अंथरुणांसकट. त्याची बायको कडूबाई जातं घेऊन आली. जातं कशाला, असं माझ्या मनात आलं, पण तेवढंच घर जास्त भरलेलं दिसेल म्हणून मी ते आत घेतलं.

संध्याकाळी कोंडीरामची शिकवणी घेतली.

"इन्स्पेक्टर विचारतील, कधीपासून राहता?"

"लई दिसांपासनं."

"शाबास. जाणार कधी?"

"जातो की उद्या सांजच्याला."

"अरे, नाही! म्हणायचं, आम्हाला दुसरं घर नाही. आम्ही मालकाच्या डोळ्यांदेखत इथं राहतो, तेव्हा वरचा हुकूम आणल्याशिवाय आम्हाला कुणी काढू शकत नाही."

"असं हाय व्हय?" कोंडीराम विचारात पडला. "पुन्यांदा सांगा, दाजी."

मी पुन्हा सांगितलं. त्याला पाठ होईपर्यंत सांगितलं. इतका चांगला विद्यार्थी मी पाहिला नव्हता.

सोमवारी इन्स्पेक्टर दारात आले. दारातच थांबले, कारण आत पोरं होती.

"घर रिकामं होतंय ना?" त्यांनी विचारलं.

"रिकामं?" मी छाती काढली. "कोण म्हणतं?"

"आमी लई दिसांपासनं हितं ऱ्हातो," कोंडीराम गरजला. "आमाला दुसरं घर न्हाय. हुकमाबिगर कुणी काढून दावावं!"

तेवढ्यात कल्याणप्पा धापा टाकत आले. मी मनात म्हटलं, आला. पण अप्पांनी इन्स्पेक्टरपुढं हातच जोडले.

"साहेब, बसवण्णाची शपथ, हे कुठं जात न्हाईत. घर भरल्यालं हाय. ही सगळी माणसं हितलीच हायत!"

मी अप्पांकडे बघतच राहिलो. इन्स्पेक्टरांनी डोकं खाजवलं. गावात रिकामं झालेलं घर कचेरी ताब्यात घेऊन साहेब लोकांना द्यायची. एका नव्या साहेबांना घर हवं होतं, आणि हिंमतरावांची बदली झाली असं इन्स्पेक्टरांनी हॉटेलात ऐकलं होतं. वरिष्ठांवर वैतागून चहा पिताना "करा म्हणावं बदली एकदाची" असं मी म्हणालो होतो खरा. तेच गावभर फिरून अप्पांच्या आडतीवरही गेलं होतं.

इन्स्पेक्टर गेल्यावर अप्पा आमच्या ओट्यावर मटकन बसले.

"हिंमतराव, माजं वरच्या आळीचं घर असंच रिकामं झालं अन् कचेरीनं एका साहेबाला दिलं. आता माज्याच दारात मी त्येंला सलाम घालतो. म्हणून म्हणलं, तुमी जाऊ नका. माती टाकली, हुग्गी दिली, बलभीमला रोज बघाया धाडलं. तुमी पळताय का काय, ह्या भ्यानं मला झोप न्हाय बघा."

मी त्यांना मिठीच मारली. दोघं एकाच घराची राखण करत होतो आणि एकमेकांना चोर समजत होतो. मला हलकं हलकं वाटलं. शारदाही खूप दिवसांनी हसली.

अप्पा गेले. मी कोंडीरामला म्हणालो, "पाचची एस.टी. आहे. अंथरुणं बांधायला घ्या."

कोंडीराम भिंतीत खुंटी ठोकत होता. परसात कडूबाईनं चूल मांडली होती.

"न्हाय जायाचं, दाजी," तो शांतपणे म्हणाला.

"म्हणजे?"

"आमाला दुसरं घर न्हाय. आमी मालकाच्या डोळ्यांदेखत ऱ्हातो. मालकानं सोता साहेबाला सांगितलं." खुंटी त्यानं हलवून बघितली. "किती वर्सं ह्या गावात घर हुडकतोय. दारात गेलं की इचारतात, पोरं किती, अन् दार लावून घेत्यात. म्हणत्यात, माणूस एकदा घरात शिरला की निघत न्हाय. मला वाटायचं, लबाड बोलत्यात. तुमी कायदा सांगितला तवा कळलं."

त्याचं ऐकून मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या दोन खोल्यांतली एक गेली, याचं जास्त वाटलं. मी शारदेकडे पाहिलं. "भाऊ हाय माझा," ती म्हणाली, आणि विषय संपला. अप्पांकडे धावलो, तर ते खुशीत होते. "लई झ्याक झालं की! आता घर कधीच रिकामं ऱ्हायचं न्हाय."

आज शारदा आणि कडूबाई दोघी मिळून तुळजापूरला गेल्यात. मी पुढच्या दारात बसलोय. कोंडीराम मागच्या दारात.

"दाजी, तुमी बी जाऊन या की दर्शनाला," तो मघापासून म्हणतोय. "मी हाय घरी." दुपारी त्यानं मला स्वतःच्या हातानं शिरा करून आणला. वर तूप तरंगतंय.

शिरा मी मांजरापुढं ठेवलाय, आणि दारातून हललेलो नाही. कायद्याच्या बाबतीत मला कुणी बनवू शकत नाही.