जागच्या जागी आलेल्या गावाचा मेडिकलचा अर्ज

माणूस अर्ज न करता जन्माला येतो, ही सृष्टीच्या कारभारातली एक गंभीर उणीव आहे. ना शिफारस, ना तीन प्रती, ना राजपत्रित अधिकाऱ्याची सही. आला की आला. मरणाचंही तेच. या दोन टोकांच्या मध्ये जे थोडंफार आयुष्य उरतं त्याला तरी काही शिस्त असावी, या उदात्त हेतूने आमच्या गावात 'वैद्यकीय प्रवेश अर्ज पूर्वतयारी मंडळ' स्थापन झालं.

मंडळाची ओळख करून देतो. अध्यक्ष माणिकराव, अडत दुकानाचे मालक. बैठक त्यांच्या दुकानात, चहा त्यांचा, म्हणून अध्यक्षही तेच. दुसरे हावगेप्पा, जुने पटवारी. त्यांना उर्दू, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांत 'उद्या या' म्हणता येतं. आणि मी किशनराव, निजामाच्या अमदानीत कचेरीत पेशकार, म्हणजे कागद पुढं सरकवणारा कारकून, म्हणून चिकटलेला, आता पेन्शनर, मंडळाचा चिटणीस. तिघांपैकी कुणीही कधी मेडिकल कॉलेजची पायरी चढलेलं नसल्यामुळे आमचा सल्ला अगदी निःपक्षपाती असतो.

डॉक्टर व्हायला अभ्यास लागतो, असा एक गैरसमज आहे. मंडळाने या बाबतीत सखोल पाहणी केली (दुकानात बसून). तीत असं आढळलं की डॉक्टर होण्यात चार आणे बुद्धी लागते आणि बारा आणे जोडपत्रं. रुपया तिथंच संपतो, त्यामुळे रोग्यासाठी काही उरत नाही. पण रोगी हा विषय अर्जात कुठंच येत नाही, म्हणून मंडळाने तो विचारात घेतला नाही.

आमचं गाव बिदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यातलं. अर्ध्या तासाच्या चालीवर महाराष्ट्राची हद्द, दुसऱ्या अंगाला तेलंगणी मुलूख. मी हैदराबाद राज्यात जन्मलो, म्हैसूर राज्यात पेन्शनीत निघालो आणि पुढं कर्नाटकात म्हातारा झालो. तिन्ही वेळा बूड त्याच ओसरीवर होतं. शहरातले लोक फिरायला म्हणून कुठं कुठं जातात. आम्ही गडी घरबसल्या तीन राज्यं हिंडलो.

तर १९७३ सालच्या उन्हाळ्यात मंडळाकडे पहिलं प्रकरण आलं. ग्यानबाची धाकटी लेक सुजाता. ग्यानबा विहाराच्या अंगाला राहतो. कोरडवाहू रान, वर दुसऱ्याच्या बांधावर मजुरी. पण लेकीला बिदरच्या वसतिगृहात ठेवून पी.यु.सी. करवली आणि पोरगी पहिल्या वर्गात आली. गावात तेव्हा पहिला वर्ग फक्त रेल्वेचा माहीत होता, तोही ऐकून.

ग्यानबा आणि त्याची बायको राजूबाई पोरीला घेऊन दुकानी आले. आम्ही त्यांना पायरीवर बसवलं. (आत कागदपत्रं होती, असं कारण इतिवृत्तात नोंदवलं आहे. गावात आता कुणी काही पाळत नाही; कागद तेवढे पाळतात.)

"किशनअण्णा, लेकराला डागदर करायचंय," ग्यानबा म्हणाला. "कागदाचं तेवढं बघून द्या."

"मार्क हायत तिला," राजूबाई म्हणाली. "थोरलीची गत दुसऱ्या कुणाच्या लेकीची व्हायला नगं, बस."

"मार्क बाजूला ठेव," माणिकराव म्हणाले. "मार्कानं कुणी डॉक्टर झालंय व्हय?"

अर्ज सुजातानं स्वतःच भरून आणला होता. हे बेशिस्तीचं पहिलं लक्षण. अर्जात एक रकाना होता: 'वैद्यकीय शिक्षण का घ्यावयाचे आहे?' त्यात पोरीनं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं की माझी थोरली बहीण बाळंतपणात अडली, जवळपास बाई-डॉक्टर नव्हती, बापानं बैलगाडीतून सडकेला आणली, तिथून टेम्पोत घालून हद्दीपलीकडं उदगीरला नेताना वाटेतच ती गेली. पोटातलंही गेलं. म्हणून मला डॉक्टर होऊन इथंच राहायचं आहे.

अर्ज मंडळात हातोहात फिरला. माणिकरावांनी डोळे पुसले, हे मी मान्य करतो. मग त्यांनी चष्मा घातला.

"पोरी, ही तक्रार झाली. अर्जात तक्रार लिहीत न्हाईत. सरकारकडं काही मागायचं असलं की आधी सरकार लई चांगलंय म्हणावं लागतंय."

हावगेप्पांची हरकत अधिक कायदेशीर होती. "मयताचा दाखला कुठाय?"

दाखला नव्हता. थोरली नेमकी हद्दीवर गेली होती. अलीकडच्या कचेरीनं सांगितलं, पलीकडं गेली. पलीकडच्यांनी सांगितलं, अलीकडं. दोन्हीकडच्या दप्तरानुसार ती अजून टेम्पोतच होती. मंडळाचा नाइलाज झाला. पुरावा नसलेली बहीण अर्जात घालता येत नाही.

आम्ही ती खोडली आणि तिथं लिहिलं: 'देशसेवेची उपजत आवड.'

"पण अण्णा, तीच तर गोष्ट हाय," सुजाता म्हणाली.

"गोष्ट असंल. कारण न्हाई," मी तिला समजावलं. शिक्षणानं पोरं हळवी होतात ती अशी.

पुढची अडचण वयाची. पोरीचा जन्म १९५५चा. पण हावगेप्पांनी सन बदलण्याचा हुकूम आला नाही या कारणास्तव जन्माच्या नोंदी त्या सालापर्यंत निजामशाही फसली सनातच ठेवल्या होत्या; ते साल इंग्रजी सालाच्या ५९० वर्षं मागं चालतं. त्या हिशेबानं तिचं जन्मसाल तेराशे पासष्ट. म्हणजे अर्जदार वयोमर्यादेपेक्षा सुमारे सहाशे वर्षांनी मोठी ठरत होती. मंडळाला ही हरकत किरकोळ वाटली आणि एका प्रतिज्ञापत्रात आम्ही तिला सहा शतकं लहान केलं. एवढं आज कुठली कचेरी करते, सांगा.

खरा कस लागला तो वास्तव्याच्या रकान्यात. 'अर्जदार म्हैसूर राज्यात केव्हापासून राहतो?'

सुजातानं लिहिलं होतं, 'जन्मापासून.'

माणिकरावांनी मांडीवर थाप मारली. "खोटं! साफ खोटं! तू जन्मलीस हैदराबाद राज्यात. म्हैसूर इथं आलं छप्पनला. तवा तू दीड वर्षाची व्हतीस. सरकारी कागदावर खोटं लिहायलीस व्हय?"

"मग काय लिवू?"

"खरं लिही. एक नोव्हेंबर एकोणीसशे छप्पन."

"पर आमी कुठं आलाव, मालक?" ग्यानबा चाचरत म्हणाला. "आमी तर हितंच व्हताव."

"तू हितंच व्हतास, पण हित म्हैसूर नव्हतं की! कामून डोकं खायलास?"

आम्ही सुवाच्य अक्षरात भरलं: 'राज्यात आल्याची तारीख: १ नोव्हेंबर १९५६. कोठून: हैदराबाद राज्य. कारण: राज्यपुनर्रचना. सोबत कोण: संपूर्ण गाव.' सत्य हे असं मंडळाच्या हातून सांडतच नाही. अर्ज रजिस्टर टपालानं गेला. त्या दिवशी माणिकरावांनी भजी मागवली आणि राजूबाईला पायरीवर दोन पाठवली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. निवड कचेरीनं (कुठली ते विचारू नका, कचेऱ्या सगळ्या एकाच आईच्या लेकी) कळवलं की अर्जदाराचे गुण उत्तम आहेत, परंतु अर्जदार परराज्यातून आलेली असल्यामुळे पूर्वीचं राज्य सोडल्याचा दाखला जोडावा.

पूर्वीचं राज्य तर स्वतःच जग सोडून गेलेलं. तरी मंडळानं हैदराबादला लिहिलं. तिकडून नम्र उत्तर आलं: 'सदर कुटुंब आमच्याकडून निघून गेल्याची नोंद नाही. सदर गावही सापडत नाही. गाव सापडल्यास कळवावे.' मी ते पत्र जपून ठेवलं आहे. अशी शुद्ध भाषा आता येत नाही.

मग स्थानिक चौकशीचा हुकूम निघाला. चौकशी अधिकारी जीपमधून आले, कोंबडी खाल्ली, आणि पंचनाम्याला बसले. हे कुटुंब गावात कोणत्या वाहनानं आलं, हा पहिला प्रश्न. 'वाहन नाही' असं उत्तर दिलं तर 'पायी' असं लिहून घेतलं. आता खाली दोन साक्षीदार हवे होते, अट एकच, की ते राज्याचे मूळ रहिवासी असावेत. म्हणजे हे कुटुंब येताना ज्यांनी पाहिलं, असे.

गाव धुंडाळलं. एकही मूळ रहिवासी निघेना. मंडळानं आधीच लेखी दिलं होतं की संपूर्ण गाव एकाच दिवशी आलं आहे. मारोतीच्या देवळाचा पुजारी, ऐंशी वर्षांच्या सत्यभामाबाई, हावगेप्पा, मी, सगळे बाहेरचे. "अप्पा, मी तरी हितलाच की!" असं गावचा न्हावी ओरडला, तर माणिकरावांनी त्याला दटावलं. एका पोरीसाठी सगळ्या गावानं खोटं बोलायचं का?

अधिकाऱ्यांनी शेरा मारला: 'गावात स्थानिक कोणीही नसल्याने चौकशी होऊ शकत नाही.' आणि जीप गेली.

त्या वर्षीची आमच्या भागातली जागा बदलीवर आलेल्या एका साहेबांच्या चिरंजीवांना मिळाली. मार्क सुजातापेक्षा पुष्कळ कमी. पण कागद काय सुरेख! साहेब बारा वर्षांपूर्वी खरोखरच परराज्यातून आले होते. जुन्या ठिकाणाहून कार्यमुक्त केल्याचा हुकूम, सामानाच्या वाघिणीची पावती, हजर झाल्याचा अहवाल, सगळं जागच्या जागी. जो कुठून तरी आलेला असतो त्यालाच आपण इथले आहोत हे सिद्ध करता येतं. जे पिढ्यान्‌पिढ्या हललेच नाहीत त्यांनी पुरावा आणायचा कुठून? मंडळानं चिरंजीवांचा सत्कार केला. हार ग्यानबाच्या रानातल्या झेंडूचा होता. ताजा होता.

त्याच नोव्हेंबरात म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं. गावात पेढे वाटले. मंडळाच्या लगेच लक्षात आलं की आपण पुन्हा एकदा प्रवास केला आहे.

पुढच्या उन्हाळ्यात सुजाताचा दुसरा अर्ज. वर्षभर पोरगी घरी बसून बापासंगं खुरपायला जायची आणि रात्री पुस्तकं उलटायची. नव्या अर्जात रकाना होता: 'कर्नाटक राज्यात किती वर्षे वास्तव्य? (किमान दहा.)'

"सात महिने," माणिकराव म्हणाले.

सुजाता पायरीवरून उठली. तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "मालक, गाव हललंय का कधी? विहीर हलली का? माझी अक्का जिथं पुरली ती जागा हलली का?"

"भावनेचा प्रश्न न्हाई, पोरी. तारखेचा हाय."

"मला अर्ज न्हाई करायचा, मला डॉक्टर व्हायचंय!"

ग्यानबा घाबरून तिचा हात धरायला लागला. राजूबाईनं तोंडाला पदर लावला. मी मात्र इतिवृत्तात लिहिलं: 'अर्जदाराची वृत्ती सहकार्याची नाही.' आणि 'सात महिने' असं भरून अर्ज वेळेत पाठवला. तो वेळेत परत आला. आता कुणी म्हणेल, शेजारच्या गावातल्या पोरांनी सरळ 'जन्मापासून' लिहिलं आणि त्यांचं जमून गेलं. गेलं असेल. त्यांच्याकडं मंडळ नव्हतं.

तिसऱ्या वर्षी आम्ही बिनचूक अर्ज तयार केला, इतका की मी स्वतः तीनदा वाचून प्रसन्न झालो. पण सुजाताच आली नाही. तिनं कमठाण्याच्या शाळेत मास्तरीणबाईची नोकरी धरली होती. पोरांना शरीरशास्त्र फार छान शिकवते म्हणतात. काळीज कुठं असतं ते बोट ठेवून दाखवते.

आज १९८८ साल. मंडळाची प्रगती वाखाणण्यासारखी आहे. आता आम्ही लेकरू पाळण्यात असतानाच फाईल उघडतो. गावात फायली बावीस आहेत, डॉक्टर अजून एकही नाही, पण पाया भक्कम झाला आहे. साहेबांचे चिरंजीव परदेशी मोठे डॉक्टर आहेत. दरवर्षी नववर्षाचं कार्ड येतं. गावात दवाखान्याची इमारतही झाली. तिच्या कुलपाला सरकारी लाख लावलेली आहे आणि ती अजून शाबूत आहे.

बाया पूर्वीसारख्याच टेम्पोतून उदगीरला जातात. गेल्या साली माणिकरावांची धाकटी सून नेली. सून परत आली, कूस रिकामी करून. माणिकराव महिनाभर दुकानी बसले नाहीत. रात्री त्यांच्या घरावरून जाताना रडणं ऐकू यायचं, आणि ते त्यांचंच होतं. मग एक दिवस बैठकीला आले, बराच वेळ गादीचा कोपरा चिमटीत धरून बसले आणि म्हणाले, "किशनराव, मयताचा दाखला कुठल्या बाजूनं काढावा?" आम्ही त्याच दिवशी दोन्हीकडं अर्ज केले. शिस्त म्हणतात ती ही.

राजूबाई परवा बाजारात भेटली. केस पांढरे झालेत. मी विचारलं, "कशी हाईस?" तर म्हणाली, "अण्णा, तुमी एवढा कागूद लिवलाव आमच्यासाठी. माझ्या थोरलीचं नाव ठावं हाय का तुमाला?"

मी घरी येऊन सगळी फाईल उलटीपालटी केली. नाव नाही. आमच्यापैकी कुणी ते विचारलंच नव्हतं; त्याला रकाना नव्हता. यात मंडळाचा काही दोष आहे असं मला वाटत नाही. आणि वाचकहो, तुम्हीही आम्हाला हसू नका. तुम्ही इथपर्यंत सगळं नीट वाचलंत, तारखा ध्यानात ठेवल्यात, सुजाताला जागा मिळते का म्हणून थोडे हळहळलातही. पण त्या टेम्पोतल्या पोरीचं नाव काय, हे तुमच्याही मनात आलं नाही. मंडळात एक जागा रिकामी आहे. तुम्ही पात्र आहात. अर्जाचीही गरज नाही.