शालिनी गुप्ते, तळमजला, पिवळं दार

"नमस्कार! मी शालिनी गुप्ते, तळमजला, पिवळं दार!"

डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये गुप्तेबाई अकरा वर्षं राहत होत्या, तरी भेटल्यावर हे वाक्य ठरलेलं. दूधवाल्याला, पोस्टमनला, समोरच्या वाण्याला तर दिवसातून तीनदा. वाणी बिचारा म्हणायचा, "मालूम है बाई, काय देऊ ते बोला!" पण बाईंच्या मते जगातला सर्वांत दुष्ट प्रश्न म्हणजे, "ओळखलंत का मला?" समोरच्याची परीक्षा घ्यायचीच कशाला? आपलं नाव आपणच सांगून मोकळं व्हावं.

बाई ठाण्याच्या एका इस्पितळातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. उंची पाच फुटांच्या आत, आवाज मात्र तळमजल्यावरून थेट गच्चीवर. आम्ही त्यांना सर्किट समजायचो. आणि मग आमचे आप्पा बदलायला लागले.

आप्पा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर पोस्टात टापटिपीने नोकरी केलेला माणूस. आता रोज संध्याकाळी पाच वाजले की चपला घालून दारात उभे. "चला, घरी जायचंय. गुहागरला."

"आप्पा, हेच आपलं घर," मी म्हणायचो. ते चिडायचे, मी चिडायचो, माझी बायको नंदा स्वयंपाकघरात डोळे पुसायची. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. जो तो म्हणायचा, म्हातारचळ आहे, चालायचंच.

एकदा आमची वादावादी ऐकून बाई धाडधाड जिना चढून आल्या. "नमस्कार आप्पा! मी शालिनी गुप्ते, तळमजला, पिवळं दार. गुहागरला निघालात? चला की! मीही येते."

दोघं निघालेसुद्धा! मी मागे मागे. बिल्डिंगला दोन फेऱ्या झाल्या. गुहागरची सुपारी, विहीर, शेजारच्यांचा खट्याळ बैल, सगळं बोलून झालं. आमच्याच दारात येऊन आप्पा खूश होऊन म्हणाले, "आलं बुवा घर! नंदा, चहा टाक."

बाई माझ्यावर बोट रोखून म्हणाल्या, "वाद घालू नका, वाट बदला! डिमेन्शिया म्हणतात याला. मेंदूचा आजार आहे, हट्ट नाही. रविवारी दहाला गच्चीवर या. जोडीने!"

हा शब्द बिल्डिंगने पहिल्यांदाच ऐकलेला. आमचे सेक्रेटरी देसाई यांना तो नवा साबण वाटला.

गच्चीवर बाईंनी माझ्या चष्म्याला तूप फासलं. कानात कापूस कोंबला, हातात लोकरीचे जाड मोजे चढवले आणि फर्मावलं, "शर्टाची बटणं लावा! नंदा, तू ओरड त्यांच्यावर!"

नंदाने ही आज्ञा फारच मनापासून पाळली. "अहो, किती वेळ? साधं बटण लागत नाही?" मला धड दिसेना, ऐकू येईना, बटण सापडेना. घाम फुटला. शेवटी मी शर्ट काढून भिरकावला.

"झक्कास!" बाईंनी टाळ्या पिटल्या. "काल आप्पांनी ताट का भिरकावलं, कळलं?"

कळलं. असं कळलं की मी बराच वेळ मोजे काढायचेच विसरलो.

बघता बघता गच्चीवरच्या या रविवारच्या वर्गाला कोपर, कळव्याहून माणसं यायला लागली. बाईंच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. एक खोली हवी! अशा आजीआजोबांनी दिवसभर तिथे रमावं, घरच्यांना जरा श्वास घेता यावा. त्यासाठी शाळेच्या हॉलमध्ये गाण्याचा कार्यक्रम ठरला. बाईंनी दारोदार फिरून तिकिटं खपवली. हॉल तुडुंब! आणि कार्यक्रमाच्या तोंडावर निरोप आला, गायकाचा घसा बसलाय.

देसाई मटकन खाली बसले. "गेली खोली, बाई."

लोकांची चुळबुळ सुरू झाली. बाईंनी क्षणभर पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथे आप्पा आणि वर्गातले बाकीचे आजीआजोबा बसलेले. त्या ताडकन स्टेजवर चढल्या. "आज गाणं नाही, सामना आहे! पहिली रांग विरुद्ध अख्खा हॉल! एकोणतीसचा पाढा कोण म्हणतं?"

हॉलमधला एक इंजिनिअर उठला आणि सत्त्याऐंशीवर अडकला. हशा पिकला.

"आप्पा, आता तुम्ही!"

त्या सकाळीच आप्पांना माझं नाव आठवलं नव्हतं. पण ते उभे राहिले, शर्ट नीट केला आणि खणखणीत आवाजात सुरू झाले, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक सोळोदरसे..." बघता बघता सगळी रांग त्यांच्या सुरात! मग पावकी, निमकी, दीडकी! हॉल शिट्ट्या मारतोय, नंदा खुर्चीवर उभी राहून ओरडतेय, मी हसतोय की रडतोय ते मलाच कळत नाहीये.

कोपरची एक कोळीण पुढे आली. तिची सासू त्या रांगेत होती. "बाय, माजी एक खोली रिकामी हाय. उद्यापासून तुमची!"

खोली सुरू झाली. सोमवार ते शनिवार बाई तिथे राबायच्या, तरी रविवारी आप्पांकडे यायच्याच. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं, घरी एकट्याच. आप्पांनी आता त्यांना आपली धाकटी बहीण ठरवलेलं. माझी ही छबूआत्या कधीच वारलेली. ते बाईंवर डाफरायचे, "छबे, किती वाळलीस! जेवतेस की नाही?"

मला ओशाळल्यासारखं व्हायचं. एका रविवारी मी बाईंना बाहेरच्या खोलीत गाठलं. "बाई, माफ करा. आप्पा तुम्हाला अगं-तुगं करतात. आणि आता आम्हाला सगळं जमतं. रविवारी तरी आराम करा."

बाईंचा आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला.

"करू दे हो. आईवडील गेले, दोघे भाऊ गेले. मला अगं म्हणणारं एवढं एकच माणूस उरलंय."

आतून हाक आली, "छबे, कुठे गेलीस गं?"

"आले रे दादा," म्हणत त्या लगबगीने आत गेल्या.