युलान भंगारात

एका निळ्या बटणावर मी 'हो' म्हणालो, एवढंच माझ्या हातून घडलं. बाकीचं सगळं आपोआप झालं.

लुकांग गावात माझ्या सासऱ्यांचा नळांचा कारखाना आहे. पितळी नळ ओतायचे, घासायचे, लखलखीत करून बाहेरदेशी पाठवायचे. मी तिथलं ऑफिस सांभाळतो. (म्हणजे माझी बायको पेईरोंग ऑफिस सांभाळते आणि मी तिथे असतो.) यंदा सासऱ्यांनी ठरवलं की, कारखान्याचा सगळा कारभार सॉफ्टवेअरवर न्यायचा. माल, मशीनं, माणसं, मंजुऱ्या, सगळं एका ठिकाणी. आता घ्यायचं कुठलं, देशी की परदेशी, हे जावयानं पाहावं.

देशी सॉफ्टवेअरवाला स्कूटरवरून आला, येताना अननसाच्या वड्या घेऊन आला आणि सासूबाईंना पहिल्याच वाक्यात मावशी म्हणाला. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भूमिदेवाला नैवेद्य दाखवायच्या तिथीसुद्धा होत्या. परदेशीवाला टाय लावून ताइचुंग शहरातून आला आणि त्यानं काहीच आणलं नाही. त्यावरूनच मी ओळखलं की, माल उंची असणार. पेईरोंग म्हणाली, देशी घेऊ, अडलं तर निदान फोन तरी उचलतात. मी म्हणालो, आधी परदेशी वापरून तर बघू. बायकोचं ऐकलं असतं तर ही गोष्टच झाली नसती, पण असं म्हणायला लागलो तर माझ्या आयुष्यात फार थोड्या गोष्टी उरतील.

तर मी माहिती भरायला बसलो. आधी माणसं भरली, मग मशीनं. आमच्याकडे पॉलिशचं एक जुनं मशीन आहे. सासूबाईंनी लग्नातलं सोनं मोडून ते घेतलं होतं, म्हणून सगळे कामगार त्याला सासूबाईंच्याच नावानं 'युलान' म्हणतात. मीही तेच नाव टाकलं. त्यावर सॉफ्टवेअरनं इंग्रजीत एक लांबलचक प्रश्न विचारला. युलान नाव दोनदा आलंय, दोन्ही एकच का, असं काहीतरी ते विचारत होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त निळं बटण दिसलं.

मग मी मशीनबद्दल मनापासून लिहिलं. ते विकून नवं घ्यावं, असं माझं मत होतं. भंगारवाल्याशी बोलणंही झालं होतं. शेवटची मंजुरी सासऱ्यांची हवी होती. त्यांच्या फोनवर हिरवं बटण आलं आणि त्यांनी ते दाबलं. बटण हिरवं असेल तर ते दाबतातच.

प्रश्न इंग्रजीत विचारणारं ते सॉफ्टवेअर निरोप मात्र अगदी आमच्या भाषेत पाठवत होतं. सासूबाई तेव्हा कारखान्याच्या दारात भूमिदेवापुढे उकडलेली कोंबडी मांडत होत्या. निरोप त्यांच्याच फोनवर आला. चष्मा जवळ नव्हता, म्हणून फोन त्यांनी पॅकिंगमधल्या बाईच्या हातात दिला आणि म्हणाल्या, वाच गं मोठ्यानं. तिनं वाचलं. सगळ्या बायका ऐकत होत्या.

"युलान. वापरण्याजोगं आयुष्य संपलं आहे. आवाज फार, तेल खूप पिते, जागा अडवते. किलोच्या भावानं भंगारात विक्री. आज दुपारी उचलणार. मंजुरी, मालक."

सासूबाईंनी ॲप्रन सोडला, घडी करून देवापुढे ठेवला आणि स्कूटर काढून निघून गेल्या.

हे ऑफिसात आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. जेवायच्या वेळी चूल थंड, तेव्हा सासरे बाहेर आले. बायकांनी कसंबसं एवढंच सांगितलं की, मालकीणबाई गेल्या. कुठे, का, हे सांगायला कोणी तयार होईना. सगळ्या सासऱ्यांकडे अशा बघत होत्या की, ते दोन पावलं मागे सरकले. तेवढ्यात भंगारवाल्याचा टेम्पो आला.

"युलानला न्यायला आलोय," तो म्हणाला.

"ती सकाळीच गेली," सासरे म्हणाले.

"गेली? कोणी नेली?"

"स्वतःच गेली. स्कूटरवर."

भंगारवाल्यानं रिकाम्या टेम्पोकडे पाहिलं. "असं कसं? आमचा दर ठरला होता. तुमचे जावई म्हणाले, घरात कोणाची हरकत नाही, दोघं जण लावून उचला."

सासरे माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला राग चालला असता. त्यावर निव्वळ धक्का होता, देवळातल्या माणसानं मूर्तीला जांभई देताना पाहावं तसा. मग पॅकिंगच्या बाईनं निरोप सांगितला. पेईरोंगनं तो दोनदा ऐकला आणि गाडीची किल्ली उचलली.

सासूबाई बहिणीच्या खानावळीत सापडल्या. तव्यावर कालवांचं ऑम्लेट करत होत्या, आणि उलथन्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. मी गिऱ्हाइकांसमोर हात जोडून सगळं सांगितलं, मशीन, नाव, निळं बटण. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडून त्यांची काही अपेक्षाच नव्हती.

त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "वर माझं नाव होतं. तरी तुमचा अंगठा थांबला नाही?"

"मी वाचलं नाही," सासरे म्हणाले. "वाचलं असतं तर ते मशीनही विकू दिलं नसतं. तुझं सोनं आहे ते."

सासूबाईंनी तव्यावरचं ऑम्लेट उलटलं, ताटलीत काढलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. मला कोणी काही दिलं नाही.

आता देशी सॉफ्टवेअर येणार, यात कोणालाच शंका उरली नव्हती. देशीवाला दुसऱ्याच दिवशी हजर झाला. त्याच्या कानावर सगळं आलं होतं. तो सासूबाईंना म्हणाला, "मावशी, आमच्यात असं काही झालं तर आम्ही हळूच पुसून टाकतो. कोणी केलं, हे कोणाला कळतही नाही."

सासूबाईंनी विचारलं, "आणि त्या परदेशीमध्ये?"

पेईरोंगनं सांगितलं की, त्यात काही पुसता येत नाही. कोणी कुठलं बटण कधी दाबलं, ते नावासकट कायम राहतं.

"मग तेच घ्या," सासूबाई म्हणाल्या. "या घरातल्या पुरुषांना तेच बरं."

देशीवाल्याच्या हातातली वडी हातातच राहिली. मी मात्र आतून सुखावलो. काही झालं तरी निवड माझीच ठरली होती. टायवाला पुन्हा आला आणि पेईरोंगबरोबर बसून कोणाला कुठली बटणं दाबायची मुभा, ते ठरवू लागला. सासूबाईंना मंजुरी मिळाली, सासऱ्यांना सासूबाईंनंतरची मंजुरी. मी खुर्ची जवळ ओढून विचारलं, माझं काय?

"तुला सगळं दिसेल," पेईरोंग म्हणाली. "दाबता काहीच येणार नाही."

मी टायवाल्याकडे आशेनं पाहिलं. त्यानं सभ्यपणे सांगितलं की, ही नुसती बघायची मुभा त्यांच्याकडे सगळ्यात स्वस्त पडते, पण शक्यतो कंपनी ती बाहेरून भेट द्यायला आलेल्या पाहुण्यांसाठी ठेवते.