ठिपकीच्या पोटातली राखणदारीण

एका जंगलात, बालमित्रांनो, ठिपकी नावाची एक कोंबडी राहत होती. जंगल जुनंच, पण सुधारलेलं. तिथे प्रत्येकाला कशाची तरी भीती वाटे आणि प्रत्येकाने कुणीतरी राखणदार ठेवलेला असे.

ठिपकीची राखणदारीण तिच्या पोटातच राहायची. तिचं नाव सुताक्का. दिसायला पांढऱ्या दोऱ्यासारखी, बोलायला गोड. खरं तर ती जंत होती, पण तसं म्हटलेलं तिला खपत नसे.

त्या साली जंगलात इवल्या आला. इवल्या म्हणजे डोळ्यांना न दिसणारा एक जंतू. त्याने गाठलं की पिल्लं पिवळं हगत आणि माना टाकत. शेजारणीची सगळी पिल्लं गेली. ठिपकी तेव्हा नुकतीच अंड्यांवर बसली होती.

"घाबरू नकोस ठिपके," पोटातून सुताक्का म्हणाली. "मी असताना इवल्याची काय बिशाद? फक्त दाणे जरा जास्त खात जा. उपाशीपोटी पहारा होत नाही."

ठिपकी जास्त खाऊ लागली. अंगी मात्र सुताक्काच्या लागलं. ठिपकीची हाडं वर आली. शेजारणी म्हणाल्या, "आई व्हायचं म्हणजे झिजावंच लागतं, बाई."

शेवटी ती साळिंदर वैद्याकडे गेली. वैद्याने तिची विष्ठा पाहिली आणि वावडिंगाची पुडी हातावर ठेवली.

"इवल्या फार नाजूक असतो," तो म्हणाला. "उघड्यावर एकटा टिकत नाही. सुताक्काच्या अंड्यांत बसून तो जंगलभर हिंडतो. ती अंडी तुझ्या विष्ठेतून मातीत पडतात आणि पिल्लं माती टोचतात. हिला काढ, म्हणजे त्याची गाडीच बंद होईल."

ठिपकीने घरी येऊन जाब विचारला. "अक्का, इवल्या तुमच्या अंड्यांत बसतो?"

"बसतो की," सुताक्का शांतपणे म्हणाली. "म्हणून तर तो कुठे आहे ते मला ठाऊक असतं. दुसरी कुणी आणलीस, तर तिला तो ओळखू तरी येईल का?"

बोलणं तसं बिनतोड होतं.

"इतकी वर्षं तुझ्या घरचं खाल्लं," सुताक्काने हुंदका दिला. "आता म्हातारपणी मी कुठे जाऊ गं?"

ठिपकीला भीड पडली. भीड भिकेची बहीण असते म्हणतात, पण कोंबड्यांना ते कोण सांगणार? तिने पुडी झुडपात टाकून दिली.

पिल्लं निघाली. ठिपकीने अंगणातली माती उकरून त्यांना टोचायला शिकवलं. पिल्लं हुशार होती, लगेच शिकली.

मग ती पिवळं हगू लागली आणि एकेक करून गेली. शेवटचं तिच्या पंखाखालीच गेलं. ठिपकी फार रडली, मुलांनो. ते रडणं अगदी खरं होतं.

जंगलाने शोकसभा भरवली. साळिंदर वैद्याला बोलावणं नव्हतं. ठिपकी कशीबशी उभी राहिली.

"इवल्याने माझं घर बुडवलं," ती म्हणाली. "पण अक्कांनी शेवटपर्यंत मला सोडलं नाही. पुढच्या खेपेला मी पहारा वाढवणार आहे. अक्कांच्या मुलीही कामाला यायला तयार आहेत."

सगळ्यांनी डोळे पुसले.

तात्पर्य : राखणदाराला कधी काढू नये. तो गेला, तर चोर येणार कसा? आणि चोरच आला नाही, तर राखणदाराची किंमत आपल्याला कळणार कशी?