हसणाऱ्यांची उलटतपासणी

हसल्याबद्दल उलटतपासणी घेणारा माणूस अख्ख्या भोर तालुक्यात एकच आहे, आणि तो माझ्या शेजारी राहतो.

त्यांच्या विनोदाला तुम्ही हसलात की बेंजाकाका हात वर करतात, रेकॉर्डिंग थांबवायला लावतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणतात आणि विचारतात, "कशाला हसलात?"

"विनोद चांगला होता, काका."

"कुठला भाग?"

इथं भलेभले गार पडतात. एकदा आमचे वकीलसाहेब, ज्यांनी कोर्टात तीस वर्षं लोकांना गार पाडलं, ते गडबडून म्हणाले, "शेवटचा भाग."

"शेवट मी अजून सांगितलेलाच नाही," काका म्हणाले. "संशयाला जागा आहे!"

हे त्यांचं पालुपद. दुधाला, वीजबिलाला, हवामानाच्या अंदाजाला, सगळ्याला ते हेच लावतात. पण सगळ्यात जास्त स्तुतीला. एकदा कापूरहोळच्या ढाब्यावर त्यांनी मिसळ फार तिखट आहे का म्हणून विचारलं. मालक म्हणाला, "बेताची हाय." काकांनी मालकालाच समोर बसवून पहिला घास खायला लावला आणि त्याच्या डोळ्यांकडे टक लावून बसले. डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटानं आलं की अपमानानं, याचा निकाल अजून लागलेला नाही. तेव्हापासून तो मालक आमची गाडी लांबून ओळखतो आणि शटर ओढून घेतो.

बेंजाकाका म्हणजे बेंजामिन थळकर. बेनेइस्रायली, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. पूर्वी कोकणात त्यांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते बंद असायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. काका धरणांच्या कामावर ओव्हरसियर होते. गुंजवण्याकडे नोकरी केली आणि घर भोरात केलं, कारण बायको इथं नर्स होती. रिबेकासिस्टर. निम्म्या भोरला त्यांनी इंजेक्शनं दिली. उरलेल्या निम्म्याला त्यांनी पळताना पकडून दिली. सुई वर धरून म्हणायच्या, "दुखणार नाही असं मी म्हणणार नाही. पण ओरडू नकोस, बाहेरचं गिऱ्हाईक पळून जाईल." माणूस हसायला लागायचा, तेवढ्यात काम झालेलं असायचं. पुण्याच्या दफनभूमीत त्यांना ठेवून आलो, त्यानंतर पावसाळाभर काकांच्या घराची खिडकी उघडली नाही.

आणि मग एके दिवशी उघडली आणि काका माझ्या दुकानात आले. माझा धंदा साउंड सर्व्हिसचा. लग्न, बारसं, प्रचारसभा. भोरच्या हवेत जो आवाज घुमतो त्यातला निम्मा माझा, बाकीचा एसटीच्या हॉर्नचा.

"पॉडकास्ट करायचाय," काका म्हणाले. "आमच्या लोकांचे सण, खाणं, चालीरीती. आणि विनोद. विशेषतः विनोद."

"पब्लिक किती?"

"दहा. आणि ते कोण, ते मी सांगीन."

पहिल्या दिवशी मी सवयीनं लग्नाचा इको लावून ठेवला. काका माइकवर "शालोम" म्हणाले, ते रायरेश्वराला प्रदक्षिणा घालून परत आलं. मग आम्ही खोलीच्या चारी भिंतींना गाद्या लटकावल्या. आता तिथं शिंकलं तरी आवाज गादीतच मुरतो.

दर रविवारी सकाळी दहा माणसं सतरंजीवर बसायची. वकीलसाहेब, मी, गुंजवण्याहून भाजी घेऊन येणाऱ्या शांताक्का, कामथडीचे टेम्पोवाले तात्या आणि आणखी सहा जण. काका निळा शर्ट घालून, केस पाण्यानं चापून बसवून माइकसमोर बसले की वय उतरायचं. एरवी मान खाली घालून बाजारातून जाणारा हा माणूस तिथं नवरदेवासारखा फुलायचा. सांगायचे, "आमचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले. अंगावर धड कपडा नाही. वाळूत उभे राहून पहिला प्रश्न विचारला, इथं शनिवारी दुकान बंद ठेवलं तर चालेल का? गावकरी म्हणाले, बाबांनो, आधी उघडा तर!"

किंवा त्या म्हातारीची गोष्ट, जी रोज उठून देवाला शिव्या घालते. लोक म्हणतात, हिचा देवावरचा विश्वास उडाला. म्हातारी म्हणते, "उडाला असता तर शिव्या कुणाला घातल्या असत्या?"

यावर शांताक्का डोळ्याला पदर लावून हसायच्या आणि काका लगेच, "शांताबाई, कशाला हसलात?"

"आवो, ती म्हातारी म्याच हाय की!"

हे उत्तर ग्राह्य धरलं गेलं. अशी ग्राह्य उत्तरं फार थोडी. स्वतः काका मात्र कार्यक्रमात कधी हसत नसत. भाग मोबाईलवर चढला की ठाण्यापासून इस्रायलपर्यंतचे त्यांचे लोक ऐकायचे. कुणी "छान" लिहिलं तर काका दिवसभर मोबाईल घेऊन ओट्यावर येरझारा घालायचे. "नुसतं छान? काय छान? संशयाला जागा आहे." पण येरझारा घालताना त्यांची चप्पल ताल धरायची, ते मी खिडकीतून पाहिलेलं आहे.

आता खरं सांगायचं तर संशय फक्त काकांनाच नव्हता. आम्हालाही होता.

पहिली गोष्ट, दहाच माणसं का? आणि तीच का? एकदा एक जण आजारी पडला, तर मी पेठेतून एक धडधाकट, हसरा माणूस आणून बसवला. काकांनी त्याला चहा पाजला, केळं दिलं आणि रवाना केला. "हा चालणार नाही." रेकॉर्डिंग रद्द.

दुसरी गोष्ट, मोजणी. सुरू करण्याआधी काका प्रत्येकाकडे बोट करून हिब्रूत काहीतरी पुटपुटायचे. वकीलसाहेबांवर एक शब्द, माझ्यावर दुसरा, असं करत तात्यांवर शेवटचा. विचारलं तर म्हणाले, "माणसं आकड्यानं मोजायची नसतात आमच्यात. दहा शब्दांचं वाक्य असतं. एकेकावर एकेक शब्द ठेवायचा. शब्द संपले की माणसं पुरली."

आणि तिसरी गोष्ट, खाणं. रेकॉर्डिंग संपलं की मलिदा: गोड पोहे, खोबरं, गूळ, वर केळी आणि खजूर. त्यांच्यात नवस फेडताना करतात तो. फुकट. दर रविवारी.

तात्यांना हे सहन होईना. तात्या म्हणजे असा माणूस, की टेम्पोत भरलेल्या कांद्याच्या गोणीलाही विचारतील, तू नक्की कांदाच ना? त्यांनी भोरच्या चौपाटीवर, खाण्याच्या गाड्यांपाशी, सभाच घेतली.

"फुकट मलिदा कोन चारतो रं? आजपातुर चारलाय कुनी? मंत्र टाकतो आपल्यावर, त्ये ऱ्हायलंच. आन् आपलं हसनं भरून घेतोय त्या यंत्रात. परदेशात इकतो! तिकडं टीव्हीत हसायला मान्सं लागत्यात. आपण हितं पोह्यावर हसायचं आन् ह्यो डालरवर!"

"तात्या, आपलं हसणं कोण विकत घेणार?" मी म्हणालो.

"तुझं न्हाई घेनार. माझं घेत्याल. आन् आवाज घेऊन बँकेतलं पैशे काडत्यात, पेपरात वाचलं न्हाई का तुमी?"

बातमी भोरातून निघाली आणि वेल्ह्याला पोचेपर्यंत तिला शिंगं फुटली. तिथं लोक सांगत होते, भोरात एक माणूस हसू काढून घेतो आणि त्यानंतर माणसाला जन्मभर हसता येत नाही. एका घरी तर सुनेनं सासू हसत नाही याचं कारण अखेर सापडलं म्हणून पेढे वाटले, असं मी ऐकलं. खोटं असेल तर माझ्या स्पीकरला वाळवी लागो.

खरं तर मलाही आतून शंका येत होती. शेजारी असून मला हा माणूस उलगडत नव्हता.

अशातच काकांनी सांगितलं, येत्या बुधवारी खास भाग आहे. मध्येच बुधवार का, तर म्हणे आमच्या पंचांगाप्रमाणे. कशाचा भाग, ते सांगेनात. फक्त माझा दंड धरून म्हणाले, "सगळे हवेत. एकही कमी नको." बेंजाकाकांनी कुणाचा दंड धरल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

बुधवारी सकाळी सगळे आले. तात्या आले नाहीत.

काकांनी निळा शर्ट घातला होता. माइकशेजारी वात तेवत होती. त्यांनी शब्द ठेवायला सुरुवात केली. वकीलसाहेब, मी, शांताक्का, पुढचे. शेवटचा शब्द तोंडातच राहिला आणि बोट रिकाम्या सतरंजीवर. मग ते म्हणाले, "गुंडाळा माइक."

मी गुंडाळला नाही. मोटारसायकल काढली आणि थेट कामथडी गाठली. तात्या टेम्पोखाली झोपले होते, पाय तेवढे बाहेर.

"तात्या, चला. काकांचा चेहरा बघवत नाही."

"म्याच का?" टेम्पोखालून आवाज आला. "रस्त्याला शंभर मान्सं हायती. मलाच का? त्येचं उत्तर दिऊ दे, मंग येतो."

"तिथं येऊन विचारा की."

"इचारतोच! भितो काय?"

तात्या ग्रीसच्या हातांनी तसेच खोलीत आले आणि उभ्या उभ्या तोफ डागली. "काका, खरं सांगा. आमालाच का बोलावता? काय इकता आमचं?"

आम्हा सगळ्यांचाच प्रश्न तात्यांनी विचारला होता.

काकांनी चष्मा काढला.

"तात्या, रिबेकाला पुण्याला नेलं तेव्हा टेम्पो कुणाचा होता?"

"माझा."

"मागं कोण कोण होतं?"

तात्यांनी मागं वळून पाहिलं. मग मीही पाहिलं. शांताक्का, वकीलसाहेब, सतरंजीवरचा एकेक चेहरा. सगळे त्याच टेम्पोत होते. इतके दिवस माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

"आमच्यात मागं राहिलेल्यानं एक प्रार्थना म्हणायची असते," काका म्हणाले. "एकट्यानं नाही म्हणता येत. आमचेच दहा पुरुष लागतात. त्या दिवशी मला धरून नऊ होते. दहाव्याची गाडी वाटेत बंद पडली. मी शब्द ठेवत गेलो, शेवटचा हातात राहिला. प्रार्थना राहिली. आणि तिकडं फाटकाशी तुम्ही टेम्पोतून उतरत होतात. माझ्या तोंडात वाक्य होतंच. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. गाडी लावून तात्या शेवटी आले, त्यांच्यावर शेवटचा शब्द पडला. बरोबर पुरला. पण त्या मोजणीत तुम्ही बसत नव्हतात. नियम आहे, मी मोडत नाही. प्रार्थना नंतर आमच्या देवळात, सिनेगॉगमध्ये जाऊन म्हटली." त्यांनी चष्मा पुसला. "पण मनात आलं, ज्यात हे सगळे बसतील अशी एखादी मोजणी काढली पाहिजे. हसायला किती माणसं लागतात, ते कुठं लिहिलेलं नाही. मी दहा धरली. आज रिबेकाला जाऊन वर्ष झालं, तिचा दिवस आहे."

शांताक्कांनी तात्यांना हाताला धरून सतरंजीवर बसवलं. "बस गुमान."

काकांनी पुन्हा पहिल्यापासून शब्द ठेवले. शेवटचा तात्यांवर ठेवला.

"माज्यावरच्या शब्दाचा अर्थ काय हो?" तात्यांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"कायमचं."

तात्यांनी विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या. "कायमचं मंजे... दर रईवारी? कामथडीवरनं? आन् डिझेल?"

आधी शांताक्का फुटल्या, मग वकीलसाहेब, मग सगळी सतरंजी. तात्या हसतात तेव्हा टेम्पोचा सायलेन्सर फुटल्यासारखं वाटतं. ते गाद्यांनाही आवरलं नाही. मी काकांच्या हाताकडे पाहत होतो. हात वर गेला नाही.

ते रेकॉर्डिंग मी दुपारी दुकानात कानाला लावून ऐकलं. आमचं दहा जणांचं हसणं त्यात स्पष्ट आहे. त्याच्या मागून आणखी एक येतं, माइकच्या अगदी जवळून. सुरू होतं, मध्येच तुटतं, पुन्हा लागतं. त्या हसण्याची चौकशी मी केली नाही.