साहेबांसाठी सारवलेलं हॉटेल

नगरपालिकेचे आरोग्यसाहेब मंगळवारी आमचं हॉटेल बघायला येणार, असं कळलं आणि मी ठरवलं, त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. धूर नको, राख नको, माशी नको. (हॉटेल म्हणजे बालाघाटच्या मोटार स्टँडजवळ कौलांखाली दोन बाकं आणि एक चूल. पण लायसन मिळालं नसतं तर तेही बंद.)

सकाळीच सगळी जमीन शेणानं सारवली. ओल्या सारवणावर कौलांतून उन्हाचे कवडसे पडले, तेव्हा वाटलं, तळ्यात कमळंच उमलली. त्यावर पाय कोण टाकणार? आमच्या यांना दारात राखणीला बसवलं आणि मी उंबऱ्याला टेकून जागेपणीच स्वप्न बघू लागले. काचेच्या चौकटीत लायसन, त्याला झेंडूचा हार, आणि साहेब म्हणताहेत, "वा, बाई!"

एवढ्यात उकव्याला जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर चैतराम आला. "वहिनी, चहा?"

"आज नाही जी. जमीन ओली हाय."

तो बिचारा समोरच्या टपरीवर गेला. मागोमाग धुळीनं माखलेले एक धोतरवाले गृहस्थ आले.

"भजे भेटतीन का?"

"बंद हाय," हे म्हणाले. "साहेब येऊन राह्यला."

"कोनता साहेब?"

"सफाईचा. लय खवचट हाय म्हनते. असे धुळीचे पाय त्यानं पाह्यले, त आमचं लायसनच गेलं!"

"असं? मंग मी इथूनच पाहतो."

त्यांनी चपला काढल्या, दारातून मान आत घातली आणि म्हणाले, "मीच तो खवचट."

माझी सगळी कमळं एकदम मिटली. आमचे हे तर बाकामागेच लपले.

"बाई, चूल थंडी काहून?"

"स्वच्छ राहावी म्हनून, साहेब."

"अन् खायले काय हाय?"

"डबे घासून ठेवले जी. रिकामे."

साहेबांनी दारातूनच ते चकचकीत डबे एकेक करून न्याहाळले. मी डोळे मिटले.

"लायसन देतो," ते म्हणाले. "तुमच्या हॉटेलात खाऊन कोनी बिमार पडनार नाही."

मी जमिनीवरून वीतभर वर उचलले गेले.

"इथं खायलेच काही भेटत नाही!" असं म्हणून साहेब समोरच्या टपरीवर भजी खायला निघून गेले.

"कोनी बिमार पडनार नाही" हे त्यांचं वाक्य मी अजून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. त्याच्या पुढचं लगेच आमचे हे सांगतात.